पाळणाघराची प्रतीक्षायादी : नोकरदार आईबापांसाठी

प्रसूतीची रजा संपत आली आहे, कामावर हजर होण्याची तारीख मुक्रर झाली आहे, आणि घराच्या आसपासच्या दोन-तीन पाळणाघरांत नाव नोंदवूनही एकाही ठिकाणाहून निश्चित उत्तर आलेले नाही, अशा पेचात सापडलेल्या आईबापांच्या पृच्छा आमच्याकडे सातत्याने येत असतात. 'आमचा क्रमांक चौथा असल्याचे सांगितले होते, मग आमच्यामागून नाव देणाऱ्यांच्या मुलीला जागा कशी मिळाली?' असे कोणी विचारतात. 'नोंदणीची रक्कम बुडाली असे समजावे काय?' असे कोणी. आणि 'ऑफिसात पाळणाघर असलेच पाहिजे असा कायदा आहे म्हणतात, तो आम्हांला लागू आहे का?' हा प्रश्न तर हिंजवडी-खराडीपासून ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापर्यंत सर्वत्र सारखाच ऐकू येतो. या गोंधळाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की प्रतीक्षायादी म्हणजे रांग, आणि रांगेत नेटाने उभे राहिले म्हणजे यथाकाल आपली पाळी येतेच. खाजगी पाळणाघरांच्या बाबतीत ही समजूत खरी ठरत नाही. तिच्यावर विसंबून राहिल्याने ज्या आईला अखेरच्या आठवड्यात, दुसरा मार्गच उरला नाही म्हणून राजीनामा द्यावा लागतो, तिचे नुकसान पुढे कशानेही भरून येत नाही. यास्तव या यादीचे खरे स्वरूप आणि तिच्याशी वागण्याची रीत येथे विस्ताराने सांगत आहोत.

यादी क्रमांकांची नसते, वयोगटांची असते

रेल्वेच्या प्रतीक्षायादीत एक आसन रिकामे झाले की ते पुढच्या प्रवाशाला मिळते, कारण त्या आसनाला सर्व प्रवासी सारखेच. पाळणाघरात मात्र तीन वर्षांच्या मुलाने सोडलेली जागा पाच महिन्यांच्या तान्ह्याला देता येत नाही. तान्ह्याला कडेवर घ्यावे लागते, वाटी-चमच्याने दूध किंवा पेज भरवावी लागते, दुपटी बदलावी लागतात आणि ते झोपले असतानाही त्याच्यावर नजर ठेवावी लागते. केंद्र सरकारच्या 2013 च्या बालसंगोपन व शिक्षणविषयक राष्ट्रीय धोरणाने तीन वर्षांखालील 10 मुलांमागे एक, आणि तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी असे म्हटले आहे. परंतु तान्ही मुले सांभाळण्याचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे अशा काकू किंवा ताई एका मावशीकडे तीन-चारांहून अधिक तान्ही मुले देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. अर्थात तान्ह्यांच्या खोलीत नवी जागा केव्हा होते, तर तेथले एखादे मूल चालू लागून मोठ्यांच्या गटात जाते तेव्हा, किंवा एखादे कुटुंब गाव बदलते तेव्हा.

या घडामोडींना ऋतुमान असते, आणि ते जाणून घेतलेल्या आईबापांचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात (विदर्भात काहीशा उशिरा), आणि त्या सुमारास तीन वर्षांची झालेली मुले बालवर्गात जातात. त्यामुळे जूनमध्ये पुष्कळ जागा मोकळ्या होतील असे आपण धरून चालतो; परंतु बालवर्ग तीन-चार तासांतच सुटतो, आणि आई नोकरी करीत असेल तर तेच मूल दुपारी पाळणाघरात परत येते. त्यामुळे जी जागा मोकळी होते ती बहुधा सकाळची, अर्ध्या दिवसाची असते. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्या लागल्याने मोठी मुले दिवसभर पाळणाघरातच असतात, आणि त्या दिवसांत नवे मूल घेण्यास संचालिका सहसा राजी नसतात. शहरी भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असल्यामुळे कुटुंबांची घरे बदलतात आणि वर्षात केव्हाही एखादी जागा अकस्मात निघते; अशी जागा यादीतील पहिल्या नावाला मिळतेच असे नाही, तर 'उद्यापासून येतो' असे जो त्याच दिवशी सांगू शकतो त्याला ती मिळते.

याखेरीज काही प्राधान्यक्रम उघड सांगितले जात नाहीत, तरी ते असतात. आधीच येत असलेल्या मुलाच्या धाकट्या भावंडाला बहुतेक ठिकाणी प्रथम घेतात. दिवसभराच्या मुलाला अर्ध्या दिवसाच्या मुलापेक्षा पसंती मिळते. मोठ्या कंपन्यांशी करार असलेल्या पाळणाघरांत त्या कंपन्यांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि त्यांचा सार्वजनिक यादीशी काही संबंध नसतो. यात अन्याय झाला असे मानून कटुता आणण्यापेक्षा हे नियम आधीच विचारून घेणे हिताचे.

नाव देताना विचारावयाचे प्रश्न

'आमचा क्रमांक कितवा?' या एका प्रश्नाऐवजी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत:

- आपण किती महिन्यांपासूनचे मूल घेता? (काही ठिकाणी सहा महिने पूर्ण लागतात, काही ठिकाणी मूल चालू लागलेले असावे लागते, तर काही ठिकाणी शी-शू सांगणारेच मूल घेतात.)
- आमच्या मुलाच्या वयोगटात सध्या किती मुले आहेत आणि त्यांपैकी कोणते मूल पुढच्या गटात केव्हा जाण्याजोगे आहे?
- आमच्यापूर्वी याच वयोगटासाठी किती नावे आहेत, आणि त्यांना कोणत्या महिन्यात प्रवेश हवा आहे?
- भावंडांसाठी किंवा कंपन्यांसाठी जागा राखून ठेवता काय?
- जागा निघाल्यास कळविण्याची रीत कोणती, आणि होकार देण्यास मुदत किती?
- जागा आमच्या गरजेच्या तारखेपूर्वी निघाली, तर शुल्क भरून ती अडवून ठेवता येईल काय?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जी संचालिका विचार करून, आपली नोंदवही पाहून देते, तिच्याकडे यादी खरोखरच आहे असे समजावे. जेथे 'होऊन जाईल हो, काळजी करू नका' एवढेच सांगितले जाते, तेथे आपले नाव नोंदलेले आहे असे गृहीत धरू नये.

रजेचा हिशेब प्रथम मांडा

आपल्याला जागा नेमक्या कोणत्या तारखेस हवी, हेच पुष्कळांनी निश्चित केलेले नसते. प्रसूती लाभ अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीने मिळालेली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम राहिलेली प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची आहे, आणि त्यांतील अधिकात अधिक 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आपण ते आठही आठवडे आधी घेतले, तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असेल; प्रसूतीच्या दिवसापर्यंत काम केले, तर ते सहा महिन्यांचे असेल. सहा महिन्यांखालील मूल न घेणाऱ्या पाळणाघराच्या दृष्टीने या दोन हिशेबांत सगळा फरक पडतो, आणि पहिल्या हिशेबात दोन महिन्यांची जी पोकळी राहते ती कोणत्याही यादीतील पहिल्या क्रमांकानेही भरून निघत नाही. दोन अपत्ये हयात असताना पुढचे मूल झाल्यास रजा 12 आठवड्यांचीच, आणि त्यांतील अधिकात अधिक 6 प्रसूतीपूर्वीचे. तेथे पोकळी याहून मोठी. प्रकृतीला मानवेल तेवढेच काम करावे हे सांगणे न लगे. परंतु रजा कधीपासून घ्यावी हे ठरविताना बाळाचे त्या वेळचे वय कागदावर मांडून पाहावे.

हा हिशेब झाल्यावर शोधास लागण्याचा योग्य काळ म्हणजे गर्भारपणाचा पाचवा-सहावा महिना. तेव्हा हिंडणेफिरणे सोसते आणि हाताशी वेळ असतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत आईने फोन करीत बसावे ही अपेक्षाच अमानुष आहे. नाव देणे, पाठपुरावा करणे, भेटी ठरविणे ही कामे बाळाच्या वडिलांनी पूर्णतः स्वतःकडे घ्यावीत. पाळणाघर हा आईच्या नोकरीचा खर्च आणि आईच्याच डोक्याची काळजी, ही आपल्या घरांतून रुजलेली कल्पना या निमित्ताने सोडून द्यावी असे आम्हांला मनापासून वाटते.

नाव जिवंत ठेवण्याची रीत

एकदा नाव देऊन सहा महिने गप्प राहिलेल्या कुटुंबाला 'त्यांची सोय झाली असेल' असे समजून वगळले जाते. म्हणून महिन्यातून एकदा, लेखी आणि थोडक्यात, आठवण द्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेशही लेखीच होय, आणि पुढे वादाचा प्रसंग आलाच तर त्याचा उपयोग होतो. मजकूर असा असावा:

> सप्रेम नमस्कार ताई, गेल्या महिन्यात आमच्या बाळासाठी आपल्याकडे नाव दिले होते. बाळाचा जन्म अमुक तारखेस झाला असून आम्हांला अमुक महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून, सकाळी साडेआठ ते सायंकाळी साडेसहा अशा वेळेसाठी जागा हवी आहे. जागा आधी निघाल्यास त्या तारखेपासूनचे शुल्क भरण्यास आम्ही तयार आहोत. आमचे नाव यादीत कायम आहे एवढे कृपया कळवावे.

यात चार गोष्टी आल्या आहेत: वय, तारीख, वेळ आणि तयारी. शेवटच्या वाक्यामुळे उत्तर मिळते, आणि ते उत्तर हीच आपल्या नोंदणीची पोच. आपली तारीख पुढेमागे झाली तर तेही त्वरित कळवावे. जी मंडळी प्रामाणिकपणे 'आम्हांला आता ऑगस्टऐवजी ऑक्टोबरात हवे' असे सांगतात, त्यांच्यावर संचालिकांचा विश्वास बसतो.

एका वेळी तीन ठिकाणी नाव असावे, त्याहून फारसे अधिक नसावे: एक घराजवळचे, एक कामाच्या ठिकाणाजवळचे, आणि एक आपल्या ओळखीच्या काकूंनी घरगुती स्वरूपात चालविलेले. मुंबईत मात्र कार्यालयाजवळच्या पाळणाघराचा मोह बहुधा टाळावा लागतो, कारण गर्दीच्या वेळच्या लोकलमधून तान्हे मूल नेणे शक्य नाही. घराजवळ ठेवावे तर दुसरी अडचण. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा असंख्य आईबापांना रात्री घरी पोहोचता आले नव्हते, आणि त्याहून लहान प्रमाणात तो प्रसंग मुंबईकरांवर दर पावसाळ्यात येतच असतो. म्हणून आपल्याखेरीज मूल घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या, चालत पोहोचू शकतील अशा दोघांची नावे पाळणाघरात लेखी देता येतात काय हे विचारावे, आणि न विसरता द्यावीत.

पैसे भरण्यापूर्वी

नोंदणी शुल्क, अनामत आणि आगाऊ शुल्क या तीन भिन्न रकमा आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की तंटे निर्माण होतात. नोंदणी शुल्क बहुधा परत मिळत नाही. अनामत मूल काढून घेताना परत मिळावयास हवी. आगाऊ शुल्क सेवा न मिळाल्यास परत मिळावयास हवे. प्रत्येक रकमेची स्वतंत्र पावती घ्यावी आणि तिच्यावर ती परत मिळण्याच्या शर्ती लिहून मागाव्यात. केवळ यादीत नाव ठेवण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल, आणि जागा किती दिवसांत मिळेल हे मात्र सांगत नसेल, तर ती देऊ नये. संपूर्ण वर्षाचे शुल्क एकदम भरल्यास मिळणारी सवलतही, मूल त्या घरात रमते की नाही हे कळण्यापूर्वी, घेऊ नये.

जागा अडवण्यासाठी एका महिन्याचे शुल्क आधी भरावे लागत असेल तर ते मात्र अपव्यय मानू नये. जागा न मिळाल्याने घ्याव्या लागणाऱ्या बिनपगारी रजेच्या तुलनेत ती रक्कम बहुधा कमीच असते.

टंचाईच्या भीतीने पाहणी सोडू नका

आम्हांला सर्वांत अधिक चिंता वाटते ती येथे. महिनोन् महिने वाट पाहून अखेर 'जागा आहे, उद्या या' असा निरोप आला, की आनंदाच्या भरात आईबाप पाहणी न करताच पैसे भरतात. जागा हातची जाईल या भीतीने जे प्रश्न एरवी विचारले असते ते गिळून टाकतात. म्हणून पाहणी प्रतीक्षेच्या काळातच, नाव देतानाच, करून ठेवावी.

दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखालील दाखला, ज्याला आपण 'गुमास्ता' म्हणतो, तो भिंतीवर लावलेला पाहून पुष्कळांचे समाधान होते. हे समाधान निराधार आहे. थोडेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेने महाराष्ट्रात केवळ सूचना द्यावयाची असते, आणि त्या कागदावरून तेथील मुलांच्या सुरक्षिततेची कोणी तपासणी केली असे मुळीच सिद्ध होत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. आपल्या पाळणाघराला ती ठाऊक आहेत काय, एवढे विचारले तरी समोरच्या व्यक्तीची आस्था समजते. बाकी तपासणी आपणच, आपल्या डोळ्यांनी करावयाची.

एकदा ठरवून आणि एकदा न कळविता जावे, आणि दुसरी भेट दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असावी. कारण जेवण भरवणे, शी-शू आणि झोप यांची गर्दी त्याच वेळी असते आणि मनुष्यबळ पुरते की नाही ते तेव्हाच दिसते. न कळविता आलेल्या पालकांना दारातूनच परत पाठवणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नये. आत गेल्यावर पाहावे की खिडक्यांना जाळ्या आहेत काय, स्वयंपाकघराला आडवे दार आहे काय, पाण्याने भरलेल्या बादल्या न्हाणीघरात उघड्या पडल्या आहेत काय, आईने काढून ठेवलेले दूध ठेवण्यास शीतकपाट आहे काय (पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात ते चार तासच टिकते, आणि आपला उन्हाळा त्याहून कितीतरी कडक), रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते आणि किती वेळाने जाते. मावश्या किती दिवसांपासून आहेत हे संचालिकेला न विचारता खुद्द मावशींनाच विचारावे. त्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे काय, हे मात्र संचालिकेस विचारावे आणि कागद पाहावा.

2016 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण तेथील कॅमेऱ्यात टिपली गेली होती, आणि ते चित्रण पाहून अवघा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून 'कॅमेरे आहेत काय?' हा प्रश्न सर्वजण विचारतात. परंतु कॅमेरा तेथे होताच, हे लक्षात घ्यावे. चित्रण पालकांना केव्हाही पाहता येते काय, ते किती दिवस जपून ठेवतात, आणि मुलांची छायाचित्रे पालकांच्या अनुमतीवाचून कोठे पाठवली जातात काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे.

आपल्या कार्यालयाची जबाबदारी

पाळणाघर ही मालकाने दाखवलेली कृपा नव्हे. 1948 च्या कारखाने अधिनियमापासून स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी अशी सोय करण्याचे बंधन आपल्या कायद्यात आहे, आणि प्रसूती लाभ अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीने ते कार्यालयांपर्यंत आणले. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते पुढे चालू आहे. त्यातील ज्या बाबी आपल्या निर्णयास आवश्यक आहेत त्या अशा:

1. 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची आहे, केवळ स्त्रियांची नव्हे. 'आमच्याकडे बायका फार थोड्या आहेत' हे उत्तर कायद्याला धरून नाही.
2. ही सोय आस्थापनेच्या आवारातच असली पाहिजे असे नाही. अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा नगरपालिकेच्या अगर खाजगी पाळणाघराशी करार करून ती देता येते.
3. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आहे. तिच्या विश्रांतीच्या वेळा यातच धरल्या जातात.
4. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन जादा विराम मिळतात.
5. कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर काही काळ घरून काम करता येते. मात्र त्यास मालकाची संमती लागते, तो निरपवाद हक्क नव्हे.

यांतील दुसरी बाब प्रतीक्षायादीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. आपण महिनोन् महिने ज्या यादीत तिष्ठत आहात, त्याच पाळणाघरात आपल्या कंपनीच्या नावे राखीव जागा असू शकतात; आणि नसतील, तर कंपनीने करार केल्यास त्या निर्माण होऊ शकतात. म्हणून रजेवर जाण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागास लेखी अर्ज करावा, की आस्थापनेने पाळणाघराची कोणती सोय केली आहे, ती कोठे आहे, तीत किती महिन्यांपासूनची मुले घेतात, आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही ती खुली आहे काय. कायद्याने चार भेटींची मुभा आईला दिली आहे, परंतु वडिलांच्या कार्यालयात सोय असेल तर ती मागण्यास काहीच प्रत्यवाय नाही, आणि पुष्कळ कंपन्या ती देतात. हा अर्ज एकट्याने करण्याऐवजी तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून केला तर त्याची दखल लवकर घेतली जाते.

सरकारी नोकरी, अंगणवाडी आणि 'पाळणा' योजना

केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि 2018 पासून एकल पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे; महाराष्ट्र शासनाच्या स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी 2018 च्या निर्णयाने ती 180 दिवसांची आहे. ही रजा पूर्वमंजुरीनेच मिळते, म्हणून पाळणाघरातील जागा लांबण्याची चिन्हे दिसताच अर्ज करावा.

अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. तेथे पोषण आहार, लसीकरणाची नोंद आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी काही तासांचे पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते, दिवसभराचा सांभाळ नाही. मात्र केंद्राच्या 'मिशन शक्ती'खालील 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली जातात. घरकाम, बांधकाम वा भाजीविक्री करणाऱ्या मातांनाही त्यांचा लाभ घेता येतो. आपल्या भागात असे केंद्र आहे काय, याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे अथवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंचे मूल लहान असेल, तर ही चौकशी त्यांच्यासाठी आपण करून द्यावी.

जागा मिळेपर्यंतची तजवीज

आजी-आजोबांना बोलावणे हा आपल्याकडचा सर्वांत जवळचा मार्ग. परंतु त्यांना गृहीत न धरता विचारावे, आणि विचारताना मुदत सांगावी. 'दिवाळीपर्यंत तीन महिने' असे सांगितले तर त्यांनाही आपल्या औषधपाण्याची आणि गावाकडच्या व्यवहारांची सोय लावता येते. गुडघे दुखणाऱ्या आजीकडे रांगते मूल दिवसभर एकटीने सोपवणे योग्य नाही. सोबत सकाळपुरती तरी एखादी मदतनीस द्यावी.

एकाच इमारतीतील दोन कुटुंबांनी मिळून एका बाईंना ठेवणे हा मार्गही चांगला चालतो, मात्र पगार, सुट्या, आजारपण आणि दोघांपैकी एका मुलाला पाळणाघरात जागा मिळाल्यास काय, हे चारही मुद्दे आरंभीच ठरवून घ्यावेत. वडिलांनी आपली शिल्लक रजा आईच्या रजेबरोबर न घेता ती संपल्यानंतर घेतली, तर पोकळीतील काही आठवडे तसेच निघून जातात. खाजगी नोकरीत पितृत्वरजेचे कायदेशीर बंधन नाही, म्हणून ही रजा आधीपासूनच साठवावी लागते. घरून काम करण्याची परवानगी मिळाली म्हणजे मूल सांभाळण्याची सोय झाली असे मात्र कोणी समजू नये. रांगणारे मूल आणि दूरध्वनीवरील बैठक ही दोन्ही कामे एका माणसाकडून होत नाहीत, आणि अशा तडजोडीत बहुधा आईच खचते.

तक्रार कोठे करावी

शुल्क वा अनामत अडवून धरल्यास प्रथम लेखी मागणी करून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तेवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे तक्रारशुल्क पडत नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. कार्यालयाने पाळणाघराची सोय नाकारल्यास, आपला अर्ज व त्यास आलेले उत्तर जोडून कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागावी. मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या, ते अकस्मात पाळणाघराच्या दाराशी भेदरून रडू लागले, किंवा त्याच्याशी गैरवर्तन झाल्याचा संशय आला, तर यांपैकी कशाचीही वाट न पाहता मूल त्याच दिवशी घरी आणावे, डॉक्टरांकडून तपासून दाखला घ्यावा, कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी आणि पोलिसांकडे अथवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

जागा मिळाल्यावर

कामावर हजर होण्याच्या दोन आठवडे आधीपासून मुलाला रोज थोडा वेळ पाळणाघरात ठेवावे. पहिले दोन दिवस आपणही तासभर बसावे, मग मुलाला एकटे एक तास, मग दोन, मग दुपारची झोप तेथेच. लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचा दूरध्वनी, कशाची वावडी आहेत आणि कोणते औषध कोणी द्यावयाचे याचा एक स्वच्छ कागद संचालिकेच्या हाती द्यावा. ताप, डोळे येणे, जुलाब अशा आजारांत मूल किती दिवस घरी ठेवावे लागेल, पाळणाघराच्या सुट्या कोणत्या, न्यायला उशीर झाल्यास आकार काय, आणि मूल काढताना किती दिवसांची पूर्वसूचना लागते, हे त्याच वेळी लिहून घ्यावे.

आणि पहिले पंधरा दिवस पार पडून मूल रुळले, की उरलेल्या दोन ठिकाणी त्याच दिवशी 'आमची सोय झाली आहे, आमचे नाव कमी करावे' असे लेखी कळवावे आणि परत मिळण्याजोगी रक्कम असल्यास ती मागावी. आपले निरुपयोगी झालेले नाव यादीत पडून राहिले, तर जिची रजा पुढच्या आठवड्यात संपते आहे अशा एखाद्या आईला संचालिका 'आधी आणखी एक नाव आहे' असे सांगत राहते.